सात वर्षांच्या मुलाचा प्रश्न

पत्र: आम्ही परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. गावात आमचे धरून ख्रिस्ती लोकांची सहाच घरे आहेत, आणि पाळकसाहेब महिन्यातून एकदा उपासनेसाठी येतात. मुलगा सात वर्षांचा असून जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे, मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई मुलाकडून रोज वचने पाठ करून घेतात आणि चुकला तर चापट मारतात. पतीचे म्हणणे असे की, मुले मोठी होऊ द्यावीत, मग त्यांचे ती ठरवतील. गेल्या गणेशोत्सवात मुलगा शेजारच्या मित्राला म्हणाला, "तुमचा देव मातीचा आहे, पाण्यात विरघळतो." ते पोर रडत घरी गेले आणि तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे. सासूबाई म्हणाल्या, पोराने साक्ष दिली. मला मात्र फार वाईट वाटले. त्याच रात्री मुलाने मला विचारले, "मम्मी, आपलाच देव वेगळा का?" मी "झोप आता" म्हणून पांघरूण घातले. मुलांना इतक्या लहान वयात ख्रिस्ती दृष्टी द्यावी का, आणि द्यायची तर कशी?

उत्तर:

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा माझे लक्ष शेवटच्या ओळींवरच थांबले. तुमच्या घरात या विषयावर तीन मोठी माणसे तीन मते मांडत आहेत, परंतु नेमका प्रश्न विचारला आहे तो सात वर्षांच्या मुलाने. "झोप आता" म्हणालात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. दिवसभर शेतात राबलेल्या आईच्या तोंडून तेच निघते. तो प्रश्न अजून त्याच्या मनात आहे आणि त्याचे उत्तर द्यायला उशीर झालेला नाही. पवित्र शास्त्रात मुलांना शिकवण्याची जी रीत सांगितली आहे, तिची सुरुवातच मुलाच्या प्रश्नापासून होते. निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण या सणाविषयी सांगताना मोशे म्हणतो की, तुमची मुले विचारतील, या सेवेचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. यार्देन नदीतून उचलून आणलेले बारा धोंडे रचून ठेवण्यामागेही हाच हेतू होता की, पुढे मुलांनी ते पाहावेत आणि विचारावे, हे धोंडे कशाचे? म्हणजे मुलाने विचारावे असे काहीतरी घरात दिसले पाहिजे, आणि त्याने विचारल्यावर सांगणारे कोणीतरी जागे असले पाहिजे.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते. त्यांच्या बोलण्यात एक चांगली जाणीव आहे, ती मी आधी मान्य करते. श्रद्धा कोणावर लादता येत नाही, आणि लादलेली श्रद्धा देवालाही नको असते. परंतु "मोठी झाली की ठरवतील" हे म्हणताना आपण असे गृहीत धरतो की, तोपर्यंत मुलाचे मन रिकामे राहील. तसे होत नाही. तुमचा मुलगा दुसरीत आहे. आपल्या गावात कोणाच्या ओट्यावर बसायचे, कोणाच्या घरचे पाणी प्यायचे, कोणते आडनाव ऐकल्यावर मोठ्यांचा चेहरा कसा बदलतो, हे त्याला आताच ठाऊक झाले असेल, आणि कोणी मुद्दाम बसवून ते शिकवलेले नसेल. ज्याच्या दारात मोठी गाडी उभी असते तो मोठा माणूस, हेही तो शिकला आहे. तुमच्या चार वर्षांच्या मुलीला "पोरीच्या जातीला कशाला हवे" हे वाक्य आजवर किती वेळा ऐकावे लागले असेल, याचा यजमानांनी एकदा विचार करावा. माणसाची किंमत कशावर ठरते, जगात वाईट का आहे, ते कोण दुरुस्त करणार, या प्रश्नांची उत्तरे मूल पाराजवळ, शाळेच्या रस्त्यावर आणि मोबाइलच्या पडद्यावर रोज ऐकते आहे. त्या गर्दीत फक्त आईबापांनीच गप्प बसावे, हा काही तटस्थपणा नव्हे.

ज्या ख्रिस्ती मंडळ्यांत बालबाप्तिस्मा दिला जातो तेथे पुढे दृढीकरणाचा विधी असतो, आणि जेथे बालबाप्तिस्मा नाही तेथे बाप्तिस्माच समजत्या वयात होतो. दोन्हीकडे व्यक्तीने स्वतःच्या तोंडाने "होय, मी विश्वास ठेवतो" असे म्हणण्याची जागा राखून ठेवलेली आहे. यजमानांना ज्या निर्णयाची काळजी वाटते, तो मुलाचाच राहणार आहे. पण ठरवायला त्याच्यापुढे काहीतरी असले पाहिजे ना? ज्याची ओळखच नाही त्याला निवडता येत नाही, आणि नाकारताही येत नाही.

सासूबाईंविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांच्या हातून एक मोलाचे काम होत आहे आणि त्याच हाताने त्याची नासाडीही होत आहे. वचने पाठ करून घेणे मुळीच चूक नाही. तीमथ्य या आपल्या तरुण सोबत्याच्या विश्वासाविषयी लिहिताना प्रेषित पौलाने आधी त्याच्या आजीचे, लोईसचे, नाव घेतले आहे आणि मग आईचे, युनीकेचे. आपल्या मराठवाड्यात तर कानाने ऐकून कंठस्थ करण्याची परंपराच आहे. वारकऱ्यांची पोरे अक्षर ओळखण्याआधी हरिपाठ म्हणतात. लहानपणी पाठ झालेले तेविसावे स्तोत्र माणसाला साठाव्या वर्षी दवाखान्यातल्या खाटेवर आठवते, हे मी स्वतःच्या आईच्या बाबतीत पाहिले आहे. तेव्हा पाठांतर बंद करू नका. चापट मात्र आजपासून बंद झाली पाहिजे. आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, असे पौल इफिसकरांस लिहितो, आणि मार खाऊन पाठ केलेले "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे वाक्य मुलाच्या मनात मेंढपाळाची कोणती प्रतिमा उभी करील, हे सासूबाईंनी प्रार्थनापूर्वक विचारात घ्यावे.

यात माझी स्वतःची एक चूक मला सांगितली पाहिजे. मी बरीच वर्षे आमच्या मंडळीत शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, चालवली. सर्वांत जास्त वचने म्हणणाऱ्या मुलाला नाताळात बक्षीस देण्याची पद्धत मीच सुरू केली होती. एक मुलगी सलग तीन वर्षे पहिली आली. तिने कधी प्रश्न विचारला नाही आणि मीही तिला कधी विचारला नाही. दहावीनंतर तिने उपासनेला येणे थांबवले. वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, मला सगळं येत होतं, पण ते कशासाठी होतं हे कधी कळलंच नाही." ते शब्द मला आजही टोचतात, कारण तिला येत होते ते सारे मीच शिकवले होते आणि जे कळले नाही तेही माझ्याकडूनच राहिले होते.

जर्मनीतील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी लिहिली. त्याआधी खेड्यापाड्यांतील मंडळ्या पाहताना साध्या लोकांना विश्वासाची मुळाक्षरेही माहीत नाहीत, हे पाहून ते व्यथित झाले होते. ती प्रश्नोत्तरी त्यांनी घरातल्या कर्त्या माणसाने घरच्यांना शिकवावी अशा बेताने रचली. तिच्यात दहा आज्ञा आहेत, विश्वासांगीकार आहे, प्रभूची प्रार्थना आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीनंतर एकच छोटा प्रश्न आहे: याचा अर्थ काय? सासूबाईंना माझी विनंती आहे की, त्यांनी रोज एकच वचन घ्यावे आणि ते म्हणून झाल्यावर नातवाला विचारावे, "म्हणजे काय रे बाळा?" त्याने चुकीचे सांगितले तरी रागावू नये. त्या चुकीच्या उत्तरातच त्याच्या मनात काय चालले आहे ते दिसते.

मी स्वतः सात वर्षांची होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला होता. आमचे गाव जालन्याच्या बाजूचे. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि येताना पदरात सुकडी आणायची. आजीला आम्ही 'माय' म्हणायचो. एका संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात माय प्रभूची प्रार्थना सांगत होती आणि आम्ही डोळे मिटून मागे म्हणत होतो. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" या ओळीला मी डोळे उघडून टोपल्यात पाहिले. मिलो ज्वारीची लालसर भाकर, एकच. मी मध्येच विचारले, "माय, देव देतो तर मग एकच का?" आई दटावणार होती, पण मायने तिला हाताने थांबवले. प्रार्थना पुरी केली, भाकर मोडली, चतकोर माझ्या हातावर ठेवली आणि शेजारच्या घराकडे बोट दाखवून म्हणाली, "प्रार्थनेत 'माझी' म्हणलंय का? 'आमची' म्हणलंय. त्या लेकरांनी सकाळपासून खाल्लं नाही. जा, देऊन ये." शेजारचे घर ख्रिस्ती नव्हते. पुढे मी ईश्वरज्ञानाची पुस्तके वाचली, प्रवचने ऐकली, परंतु 'आमची' या शब्दाचा अर्थ मला त्या चतकोर भाकरीइतका कोणी स्पष्ट केला नाही. ख्रिस्ती दृष्टी म्हणजे काय, असे तुम्ही विचारता. दुष्काळात टोपल्याकडे पाहताना मायला शेजारच्या ओसरीवरची लेकरे दिसली, ती दृष्टी मी म्हणते.

त्यामुळेच तुमच्या मुलाने मित्राला जे सांगितले त्याला मी साक्ष म्हणणार नाही. सासूबाई वयाने आणि विश्वासाने मोठ्या आहेत, त्यांचा मान राखूनच मी हे लिहिते. मूर्तिपूजेविषयी शास्त्र काय सांगते ते मला ठाऊक आहे, आणि ते मी सौम्य करून सांगत नाही. परंतु प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेनै (अथेन्स) नगरात काय करतो ते पाहावे. नगर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचा अंतरात्मा खवळतो. तरीही लोकांसमोर उभा राहतो तेव्हा तो त्यांच्या देवभोळेपणाचा आदराने उल्लेख करतो, त्यांच्याच एका वेदीपासून बोलायला सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवींचे शब्द आधाराला घेतो. खवळलेले मन त्याने शिव्यांत उतरू दिले नाही. आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यावे, असे पेत्रानेही लिहून ठेवले आहे. तुमच्या मुलाला तर कोणी विचारलेही नव्हते. मोठ्यांचे घरातले बोलणे त्याने उचलले आणि मित्रावर दगडासारखे फेकले. पोराने जे फेकले ते घरातूनच आले, म्हणून दुरुस्तीही घरातूनच व्हावी.

माझा सल्ला असा आहे की, येत्या रविवारी उपासना झाल्यावर तुम्ही मुलाचा हात धरून त्या शेजाऱ्यांच्या घरी जावे. जाण्यापूर्वी त्याला नीट सांगा की, आपण आपला विश्वास सोडायला चाललेलो नाही. तू मित्राला रडवलेस, त्याची माफी मागायला चाललो आहोत. तेथे गेल्यावर आधी तुम्ही बोला: "आमच्या पोराने तुमच्या लेकराला दुखावले. असे बोलणे आमच्या धर्मात बसत नाही. आमचे चुकले." मग मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्या. त्याला शब्द सुचले नाहीत तर ढकलू नका, नुसता उभा राहिला तरी चालेल. समोरून दार उघडले नाही, तर आठवड्याने पुन्हा जा. यजमानांनीही सोबत यावे, असे मला मनापासून वाटते. मुलांनी स्वतः ठरवावे असे जे म्हणतात, त्यांनी बाप चूक कशी कबूल करतो हे मुलांना दाखवणे फार गरजेचे आहे.

या एका फेरीत तुम्ही मुलाला जे शिकवाल ते वर्षभराच्या धड्यांत मावणार नाही. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले वाक्य त्याला पाठ असेल. तो मित्रही त्याच प्रतिरूपाचा आहे, हे त्याला त्या ओट्यावर उभे राहून कळेल. पाप म्हणजे नरकाची भीती घालण्याचा विषय आहे, असे मुलांना वाटते, कारण आपण तसेच शिकवतो; आपल्या जिभेने एक पोर रडले, हे पाप त्याने स्वतः पाहिले आहे. क्षमा मागावी लागते, ती मिळते, आणि मिळाली की पुन्हा गोट्या खेळता येतात. तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, विचार सात वर्षांच्या मुलाला याहून जवळून कोण दाखवील? त्या रात्री त्याला जक्कय या जकातदाराची गोष्ट सांगा. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात जक्कय उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर तर तुमच्या विहिरीवरही असेल. जक्कयाने ज्यांचे लुबाडले त्यांना चौपट परत करीन असे म्हटले, ही ओळ गाळू नका, कारण मुलांना न्यायाचा हिशेब चटकन समजतो.

प्रतिरूपाच्या या गोष्टीला आपल्या भागात एक जास्तीचा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालना परिसरात सुवार्ता सांगितली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, तेव्हा त्यांचे ऐकणारे बहुतेक जण गावकुसाबाहेरचे होते. देवाने तुला आपल्या प्रतिरूपाचा घडवला, हे वाक्य ज्यांची सावलीही टाळली जात होती त्यांनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांना काय वाटले असेल! त्या लोकांच्या नातवंडांनी दुसऱ्या कोणाला हलके लेखावे, हे मला सहन होत नाही, मग ते जातीवरून असो की देवावरून.

शाळेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो पुढे येणारच. आरतीच्या वेळी मुलाने शांतपणे, आदराने उभे राहावे. हात जोडण्याची सक्ती नको आणि तोंड फिरवण्याचा उद्धटपणाही नको. आपल्या संविधानाच्या कलम २८ प्रमाणे शासनमान्य किंवा शासकीय मदतीवर चालणाऱ्या शाळेत मुलाला पालकांच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. परंतु कलम घेऊन शाळेत जाण्याची वेळ बहुधा येणार नाही. गुरुजींना एकदा भेटून साध्या शब्दांत सांगितले, तर खेड्यातले गुरुजी समजून घेतात, असा माझा अनुभव आहे. प्रसादाबाबत ख्रिस्ती घराघरांत मतभेद आहेत. पौलानेही करिंथकरांना लिहिताना या विषयावर दोन-तीन अध्याय खर्च केले, आणि दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला ठेच लागू नये याची काळजी घेतली. तुम्ही दोघांनी आणि सासूबाईंनी एकत्र बसून काय ते ठरवा, आणि मुलाला कारणासह सांगा.

पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात, म्हणून मुलांचे शिक्षण अडते असे समजू नका. शब्बाथ शाळा ही काही घराला पर्याय म्हणून निघाली नव्हती. १७८० साली इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट राइक्स यांनी ती सुरू केली, ती सहा दिवस कामावर राबणाऱ्या आणि रविवारी रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवावे म्हणून. पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात शाळेचे नावही नाही. घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता आणि उठता मुलांशी बोला, एवढेच तेथे सांगितले आहे, आणि बसणे, चालणे, निजणे, उठणे तुमच्या घरात रोजच आहे. धाकटीला शेतात नेता तेव्हा ज्वारीचे कणीस तिच्या हातात द्या आणि विचारा, एका दाण्याचे इतके दाणे कोणी केले? चार वर्षांच्या मुलीला निर्मितीचा एवढा धडा पुरतो.

आणि एक गोष्ट जरा स्पष्टपणे लिहिते. तुमच्याकडे कापूस असणार. वेचणीला बाया येतात, संध्याकाळी दारात काटा लागतो, किलोवर मजुरी ठरते. त्या वेळी तुमचा मुलगा तेथेच खेळत असतो आणि काट्याकडे त्याचे बारीक लक्ष असते. गाठोड्याचे वजन पाऊण किलो मागे धरले, ओल धरून कापले, पैसे "पुढच्या बाजाराला" म्हणून लांबवले, तर तो ते पाहतो, आणि रात्रीच्या प्रार्थनेत ते सारे त्याच्या डोळ्यांसमोर असते. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे, असे याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. तुम्ही असे करता, असे मी म्हणत नाही. काटा सरळ धरत असाल तर मुलाला जवळ बोलावून तो वाचायला लावा, आणि "आपण सरळ का मोजतो" हे त्याने विचारले तर देवाचे नाव घेऊन सांगा.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाविषयी. "आपलाच देव वेगळा का?" याचे उत्तर मी असे देईन: "बाळा, देव आपल्या मालकीचा नाही, आपण त्याचे आहोत. देव एकच आहे. त्यानेच तुला केले, आणि तुझ्या मित्रालाही त्यानेच केले. तो कसा आहे हे आपल्याला येशूमध्ये कळले, म्हणून आपण त्याच्या नावाने प्रार्थना करतो." तो विचारील, मग ते का करत नाहीत? तेव्हा शेजाऱ्यांविषयी एकही वाईट शब्द न काढता सांगा की, त्यांच्या आईबाबांनी त्यांना जे सांगितले ते ते प्रेमाने करतात, आणि आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्याहून अवघड काही विचारले आणि तुम्हांला उत्तर आले नाही, तर "मला माहीत नाही, पाळकसाहेब आले की आपण दोघे विचारू" असे म्हणा आणि खरोखर विचारा.

सासूबाईंना माझा सलाम सांगा. त्यांच्या घराण्यात प्रभूचे नाव पहिल्यांदा कोणी घेतले, त्या वेळी भावकी काय म्हणाली, त्यांच्या स्वतःच्या आईने त्यांना पहिली प्रार्थना कोणत्या शब्दांत शिकवली, हे त्यांनी नातवाला कधी सांगितले आहे का, ते विचारा. नसेल, तर आठवड्यातला एक दिवस वचनाऐवजी ती गोष्ट होऊ द्या, आणि तेव्हा तुम्ही व यजमान दोघेही शेजारी बसून ऐका.